वाघिणीच्या पाठीवर

सुट्टी लागली की माणसे महाबळेश्वरला जातात, वेरूळ-अजिंठ्याला जातात, पैसा गाठीशी असेल तर काश्मीरलाही जाऊन येतात. कोलाडला जाणारेही हल्ली पुष्कळ आहेत. परंतु ते जातात कुंडलिकेच्या खळाळत्या पाण्यात रबरी तराफ्यावर बसून जिवाच्या आकांताने ओरडण्यासाठी. मी गेल्या मे महिन्यात कोलाडला गेलो तो तिथला रेल्वेचा मालधक्का पाहायला. हा बेत ऐकून आमच्या घरात क्षणभर शांतता पसरली. "मालधक्क्यावर पाहण्यासारखे असते तरी काय?" अशी सौभाग्यवतींनी पृच्छा केली. "वाघिणी," मी म्हणालो. त्यासरशी चिरंजीवांनी मोबाईलमधून डोके वर काढले. त्यांच्या डोळ्यांपुढे ताडोबा उभे राहिले असावे.

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. इंग्रजांची 'वॅगन' आपल्या मुलखात आली आणि इथल्या जिभांनी तिची वाघीण करून टाकली. भाषा परक्या वस्तूला घरात घेते ती अशी, आधी नाव बदलून. कोलाडची वाघीण तर आणखीच निराळी. तिला भिंती नाहीत, छप्पर नाही; नुसती चाकांवरची लांबच लांब फळी. आणि तिच्या पाठीवर बसून जाते ती मालाने गच्च भरलेली आख्खी मालमोटार!

मला तिथे नेणारा माझा एक जुना विद्यार्थी. मराठी घेऊन बी. ए. झाला आणि एका औषध कंपनीच्या मालाची ने-आण पाहणाऱ्या खात्यात चिकटला. मराठीच्या पदवीचा आणि औषधांच्या खोक्यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. पण ट्रकमालक, चालक, गोदामाचे मुकादम आणि वरचे साहेब या सर्वांशी एकाच दिवशी गोड बोलायचे असेल तर भाषेचा अभ्यास वाया जात नाही, असे तो म्हणतो. आपल्या कामाला तो 'लॉजिस्टिक्स' म्हणतो. आपण साधेपणाने ने-आण म्हणू. वस्तू जिथे होते तिथून, जिथे हवी तिथे, हवी तेव्हा पोचवणे. सारे शास्त्र एवढ्यातच आले.

"सर, पूर्वी साहेब दोनच प्रश्न विचारायचे," तो सांगत होता. "माल पोचला का, आणि खर्च किती आला. आता तिसरा विचारतात, धूर किती झाला?"

हा तिसरा प्रश्न साहेबांना आपणहून सुचला असे नव्हे. शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांनी पर्यावरणाविषयीचा जमाखर्च दर वर्षी जाहीर करावा, अशी सक्ती सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून केली. कारखान्याच्या धुराड्यातून काय निघाले आणि विकत घेतलेल्या विजेपोटी काय निघाले, हे सांगावेच लागते. परंतु कंपन्यांचा बहुतेक माल जातो भाड्याच्या गाड्यांतून. त्यांचा धूर कोणाच्या खात्यात? तो कलमाच्या ऐच्छिक भागात. म्हणजे सांगितला तर तुमचा मोठेपणा, न सांगितला तर तुमची मर्जी! आमचा विद्यार्थी तो हिशेब मांडू पाहत होता आणि त्यासाठी कोलाड त्याला उपयोगी पडत होते.

आम्ही पनवेलहून निघालो. कर्नाळ्याच्या सुळक्याखालून हा मुंबई-गोवा महामार्ग जातो. दोन्ही बाजूंस पक्ष्यांचे अभयारण्य, आणि मधून मालमोटारींची अखंड रांग. पक्ष्यांचा आवाज ऐकू यावा अशी अपेक्षाच करू नये. पुढे गणपतींच्या मूर्तींचे पेण, मग वडखळ, नागोठणे. या रस्त्याच्या रुंदीकरणाला २०११ मध्ये हात लागला, त्याला दशक केव्हाच उलटून गेले. त्याविषयी कोकणातल्या माणसाला विचारू नये, तो दुसरा विषयच काढणार नाही. वाटेत एका वळणावर 'अति घाई, संकटात नेई' ही आपल्या ओळखीची पाटी दिसली. लहानपणापासून घाटाघाटांतून आपण ती वाचत आलो. तिची सूचना केवळ चालकासाठी नसते, हे मला पुढच्या दोन दिवसांत चांगले उमगायचे होते.

कोकणातला माल मुळात रस्त्याने जातच नसे. तो जाई पाण्याने. मचवे, पडाव, गलबते खाड्यांतून आत शिरत. सावित्रीतून महाडपर्यंत, कुंडलिकेतून रोह्याच्या अंगाला, वाशिष्ठीतून चिपळूणच्या गोवळकोटापर्यंत. पुढे आगबोटी आल्या, तरी ओहोटी-भरतीचे गणित सुटले नाही. पावसाळा लागला की व्यवहार बंद, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की पुन्हा सुरू. शिडाचे तारू तेलाचा थेंबही जाळीत नसे. मात्र वाऱ्याची वाट पाहत बसे आणि माल भरल्याशिवाय सहसा हलत नसे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. पावसाळ्याचे चार महिने औषध मिळाले नाही तर काय होते, हे कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांनी सोसलेले आहे. एवढेच ध्यानात ठेवावे की, त्या वाहतुकीच्या स्वच्छतेचे मोल थांबण्याने चुकते होत असे.

मग मोटार आली आणि तिने थांबणेच रद्द केले. दारातून माल उचलावा आणि दारात टाकावा, मन मानेल तेव्हा निघावे. रेल्वेची मात्र अट अशी की, अख्खी गाडी भरेल एवढा माल आणा, धक्क्यावर उतरवा, वाघिणीत भरा, पलीकडे पुन्हा उतरवा, पुन्हा मोटारीत घाला. तितक्यांदा हमाली, तितक्यांदा फूटतूट. लहान व्यापाऱ्याला हे परवडेना आणि मोठ्यालाही आवडेना. १९५१ च्या सुमारास देशातला चार-पंचमांशांहून अधिक माल रेल्वेने जात असे. तो वाटा घसरत घसरत पाव हिश्श्याच्या आसपास आला. हा वाटा २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर न्यावा, असे राष्ट्रीय रेल्वे योजनेने ठरवले आहे. परंतु एकदा दारातून माल उचलण्याची सवय लागलेल्या माणसाला धक्क्यावर परत आणणे, म्हणजे शहरात गेलेल्या मुलाला पुन्हा गावच्या शेतावर आणण्यासारखे आहे.

कोकण रेल्वेने या कोड्यावर काढलेला तोडगा मला फार रसिकतेचा वाटतो. रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुला झाला. लोहमार्ग झाला, पण कोकणात ना कोळशाच्या खाणी ना पोलादाचे कारखाने. मालगाडीत भरायचे काय? माल होता, तो शेजारच्या महामार्गावरून मोटारींतून चालला होता. तेव्हा माल मोटारीतून उतरत नसेल तर मोटारीसकट उचलावा, असा विचार झाला, आणि १९९९ च्या जानेवारीत कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी मालमोटारींना पाठीवर घेणारी गाडी सुरू झाली. तिला 'रो-रो' म्हणतात. नाव रडके असले तरी अर्थ चढा-उतरा एवढाच. पुढे ही सोय कर्नाटकात सुरतकलपर्यंत गेली. कोलाडची निवड झाली, कारण रोह्यानंतरचे हे पहिलेच स्थानक, आणि महामार्ग तिथून हाकेच्या अंतरावर.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार टळत होती. धक्क्यावर मालमोटारी ओळीने उभ्या. त्यांचे वजन आणि उंची तपासून होत होती. डोक्यावरून २५ हजार व्होल्टची तार गेलेली, तेव्हा उंचीच्या बाबतीत दयामाया नाही. मग गाडीच्या शेपटाकडच्या उतरणीवरून पहिली मोटार वर चढली आणि माझ्या छातीत धस्स झाले. वाघिणीची रुंदी मोटारीपेक्षा जेमतेम जास्त. दोन वाघिणींमधल्या फटीवर लोखंडी पत्रे टाकलेले. त्यावरून चाक गेले की खणकन आवाज होई. क्लीनर मागे-पुढे पळत "येऊ दे, येऊ दे, डावीकडं मार" असा पुकारा करीत होता, आणि चालक चाळीस वाघिणींची ती अरुंद वाट सरकत सरकत कापून पार पुढच्या टोकाला जात होता. त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा. सर्कशीत हत्ती एकापाठोपाठ एक रिंगणात यावेत तसा तो देखावा होता. चाकांखाली पाचरी ठोकल्या, साखळ्या आवळल्या, इंजिने बंद झाली. चाळीस इंजिनांचा आवाज एकेक करून थांबत गेला तेव्हा पलीकडच्या आंब्यावरचा कोकीळ ऐकू आला.

चालक आणि क्लीनर आपापल्या मोटारीतच बसून जातात. साताऱ्याकडचा एक पन्नाशीचा चालक स्टोव्हवर चहा ठेवून धक्क्याच्या कडेला बसला होता. माझ्या हातातली वही पाहून त्याने मला लगेच ओळखले. "या गुरुजी, बसा. चहा घ्या."

मी विचारले, "रस्ता बरा की ही गाडी बरी?"

"रस्त्यानं गेलो की कशेडीचा घाट, परशुराम घाट, भोस्त्याचा घाट. घाटात झोप येत न्हाई बघा. तिथं जिवाची भीती जागं ठेवती. झोप येती ती घाट उतरल्यावर, सपाटीला. तिथंच गाड्या उलटत्यात. हितं गाडी चढवली, साखळ्या बांधल्या, की आपण शेठ! गाडीलाच गाडी नेती. रात्रभर झोपायचं, सकाळी गोवा."

शेजारी बसलेला मंगळूरकडचा तरुण चालक मात्र खूश नव्हता. हिंदी-कानडीच्या मिश्रणात त्याने आपली बाजू मांडली. गाडी भरेपर्यंत थांबावे लागते. कधी काही तास, कधी त्याहून जास्त. मालक त्याला खेपेवर पैसे देतो, थांबण्यावर नाही. चार खेपांच्या ठिकाणी तीनच झाल्या तर घरी पैसे कमी जातात. "झोप चांगली आहे साहेब," तो म्हणाला, "पण झोपेचा पगार कोण देतो?"

या प्रश्नाला आम्हा दोघांपाशी उत्तर नव्हते. इथेच खरे घोडे पेंड खाते. धूर वाचवण्याच्या योजना आखल्या जातात वातानुकूलित खोलीत, आणि त्यासाठी जो थांबायचा तो थांबतो कोलाडच्या उन्हात. त्याच्या थांबण्याची किंमत भाड्याच्या करारात धरली नाही, तर ती त्याच्या मुलांच्या ताटातून वसूल होते.

आता थोडे गणित मांडतो. मराठीच्या प्राध्यापकाचे गणित आहे, तेव्हा वाचकांनी भिऊ नये. भरलेली मालमोटार घाटरस्त्यावर एका लिटरला चारेक किलोमीटर जाते असे धरू. कोलाड ते वेर्णा सुमारे ४०० किलोमीटर. म्हणजे शंभर लिटर डिझेल झाले. एक लिटर डिझेल जळले की अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. आमच्या वडिलांच्या शालेय पुस्तकात याला 'कर्बद्विप्राणिल वायू' असे दणदणीत नाव होते. एक किलोही वजन नसलेल्या लिटरभर तेलातून अडीच किलो वायू कसा निघतो, असे मीही विद्यार्थ्याला विचारले. त्याने सांगितले की, तेलातला कर्ब हवेतला प्राणवायू ओढून घेतो, त्याचे ते वजन. एका मोटारीमागे अडीचशे किलो, आणि चाळीस मोटारींची गाडी असेल तर एका खेपेला दहा टन! शिवाय महामार्गाकाठच्या गावांवर पडणारी काजळी, गोंगाट आणि रात्रीचे अपघात निराळे. त्यांचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

आगगाडीला हे कसे साधते? रबरी चाक रस्त्यावर दबते, फुगते, पुन्हा दबते आणि त्यात शक्ती गमावते. पोलादी चाक पोलादी रुळावरून जवळजवळ घसरतच जाते. पूर्वी मालधक्क्यावर हमाल पहारी लावून भरलेली वाघीण पुढे सरकवीत, ते याच बळावर. दुसरे कारण चढाचे. कोकण रेल्वे बांधताना दीडशे मीटर चालावे तेव्हा एक मीटर चढावे, याहून अधिक चढ ठेवायचा नाही असा दंडक होता. डोंगर चढायचा नाही म्हणून तो पोखरला. म्हणून ९१ बोगदे आणि लहानमोठे मिळून जवळजवळ दोन हजार पूल. २०२२ मध्ये या साऱ्या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. आपल्या देशातली बरीचशी वीज अजून कोळशातूनच येते, तेव्हा ही गाडी अगदी धुतल्या तांदळासारखी आहे असे म्हणता येणार नाही. तिचा धूर कोलाडला दिसत नाही, कोळशाच्या विजेपुरता तो कुठेतरी दूर निघतोच. आणि मालाबरोबर मोटारीचेही काही टन वजन उगाच वाहावे लागते, हे आहेच. तरीसुद्धा चाळीस इंजिने झोपली आणि एक जागे राहिले, यात नफा कोणाचा हे कळायला पदवी लागत नाही.

संध्याकाळी मालगाडी सुटली. आम्ही मुक्कामाला कोलाडातच राहिलो आणि कुंडलिकेवर जाऊन बसलो. ऐन मे महिन्यात कोकणातल्या नद्या आटलेल्या असतात. ही वाहत होती. त्याचे कारण वर भिऱ्याला आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खाली आणून भिऱ्याला टाटांनी वीजघर केले, ते १९२७ मध्ये सुरू झाले. वीज करून मोकळे झालेले पाणी कुंडलिकेत येते. त्याच पाण्यावर पर्यटकांचे तराफे नाचतात. ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. गिरण्यांचा धूर तिने कमी केला असेल. पण मुळशी खोऱ्यातली गावे आणि भातशेते त्या पाण्याखाली गेली, आणि १९२१ मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहात सेनापती बापटांबरोबर मावळ्यांनी तुरुंगवास भोगला. आज कोलाडहून सुटणाऱ्या गाडीला तीच वीज मिळते असे नाही. परंतु त्या काठावर बसल्यावर एवढे मनात आल्यावाचून राहत नाही की, धूर नसलेल्या गोष्टीलाही कोणीतरी किंमत दिलेली असते. ती कोणी दिली हे विचारायची सवय आपण ठेवली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी माणगावला जाऊन आम्ही मडगावची गाडी धरली. तो प्रवास मी वर्णन करीत बसत नाही. कोकण रेल्वेची वर्णने दिवाळी अंकांतून वाचकांनी भरपूर वाचली आहेत. साडेसहा किलोमीटरांचा करबुड्याचा बोगदा संपता संपत नाही, आणि रत्नागिरीजवळ पानवल नदीवरच्या ६४ मीटर उंच पुलावरून खाली पाहिले तर माडांची झाडे तुळशीच्या रोपांएवढी दिसतात, एवढेच सांगतो. राजापूरच्या पुढे एका लहानशा स्थानकात आमची गाडी बाजूला थांबली. एकेरी मार्ग, समोरून येणाऱ्याला वाट द्यायची. डब्यातली मंडळी कुरकुरू लागली. आणि समोरून आली ती रो-रोच! एकामागून एक मालमोटारी, निश्चल, आमच्या खिडक्यांसमोरून मुंबईकडे सरकत गेल्या. एका चालकाचे पाय खिडकीबाहेर आलेले, एक जण दाढी करीत होता, एकाच्या दाराला लुंगी वाळत होती. डब्यातल्या लहान मुलांनी टाळ्या पिटल्या. कुरकुर थांबली.

गोव्यात शिरल्यावर मांडवी आणि जुवारीच्या काठची खाजणे दिसू लागली. समुद्राच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून शेकडो वर्षे जपलेल्या या शेतजमिनी. १९९० नंतरच्या काळात हा लोहमार्ग गोव्यातून आखला जात असताना या खाजणांचे काय होणार, म्हणून मोठा विरोध झाला होता, काम काही काळ थांबलेही होते. मुळशीची आठवण आदल्या संध्याकाळचीच असल्यामुळे मी ती शेते जरा निरखून पाहिली.

मडगावच्या अलीकडेच वेर्णा. स्थानकापासून थोड्या अंतरावर औद्योगिक वसाहत, तीत औषधांचे कारखाने. तिथे विद्यार्थ्याने मला आपला सगळा व्याप दाखवला आणि मग त्याच्या हिशेबातला मजेदार भाग सांगितला. भिवंडीच्या गोदामातून वेर्ण्याच्या कारखान्याला सर्वांत जास्त खेपा कशाच्या जात असत? रिकाम्या बाटल्यांच्या!

"म्हणजे सर, आम्ही शंभर लिटर डिझेल जाळून हवा वाहून नेत होतो," तो म्हणाला. "आणि तीही रातोरात, तातडीने. का, तर कारखान्याने मागणी आदल्या दिवशी केलेली."

त्याने काय केले? यंत्र आणले नाही, विजेवरची मोटार आणली नाही. कारखान्याच्या भांडारपालाशी आठ दिवस वाद घालून मागणी चार दिवस आधी पाठवायला लावली. बाटल्यांना घाई नसते; त्या कोलाडला थांबल्या तर नासत नाहीत. थंड ठेवावी लागणारी औषधे आणि तातडीचा माल रस्त्याने जाऊ द्यावा, बाकीचा वाघिणीच्या पाठीवर. खोक्यांची मापे बदलून एका मोटारीत अधिक बाटल्या बसवल्या. बाटल्या घेऊन गेलेली मोटार तयार औषधे घेऊनच परत यावी असे वेळापत्रक बसवले, कारण रिकामी परतणारी मोटार ही या धंद्यातली सर्वांत मोठी उधळपट्टी. आणि ट्रकमालकाशी केलेल्या करारातले उशिराच्या दंडाचे कलम या मालापुरते काढून टाकून, त्याऐवजी थांबण्याच्या तासांचा चालकाला भत्ता, असे कलम घालावे म्हणून त्याने वर लिहिले. पहिल्या सगळ्या गोष्टी मंजूर झाल्या होत्या. शेवटची अजून 'विचाराधीन' होती. "तिचा हिशेब धुरात मांडता येत नाही, सर," तो म्हणाला.

मला त्या मंगळूरच्या तरुणाचा चेहरा आठवला. त्या कलमावर सही होईपर्यंत कंपनीच्या अहवालातले हिरवे पान अपुरेच म्हणायचे, असे मी विद्यार्थ्याला सांगितले. त्याने मान हलवली आणि पुन्हा पत्र लिहायचे कबूल केले.

हा सगळा व्यवहार मोठ्या कंपन्यांचा, त्यात आपला काय संबंध, असे वाचकांना वाटण्याचा संभव आहे. पण २०२५ च्या गणेशोत्सवात कोकण रेल्वेने याच कोलाड-वेर्णा मार्गावर खासगी मोटारींसाठी रो-रो सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षी प्रतिसाद बेताचाच मिळाला. मोटार काही तास आधी आणून लावायची, आणि ती आपल्या गावच्या नाक्यावर न उतरवता ठरलेल्याच स्थानकावर उतरवायची, हे चाकरमान्याला कसे रुचावे? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण खोक्यांना जे लागू ते माणसांनाही लागू, एवढे त्यातून दिसले. स्वच्छ गाडी म्हणजे भरलेली गाडी, आणि गाडी भरायची तर कोणीतरी थांबले पाहिजे.

आपण मात्र थांबायचे विसरत चाललो आहो. शहरात हल्ली साबणाची वडी दहा मिनिटांत दारात येते. ती नसती आली तर आपण उद्या वाण्याकडून आणली असती, इतकेच. आपली दहा मिनिटे दुकानदाराचा एक दिवस होतात, दुकानदाराचा एक दिवस गोदामाची रात्र होतो, आणि त्या रात्रीचा शेवट परशुराम घाटाखालच्या सपाटीवर कोणाच्या तरी डोळ्यांवर येणाऱ्या झापडीत होतो. घाई वरून खाली उतरत जाते, जड होत जाते. 'अति घाई'ची ती पाटी आपल्या घरातल्या फोनवर लावायला हवी, असे मी म्हणालो तर चिरंजीव हसतील. परंतु पाटीची खरी जागा तीच आहे.

दिवाळीची खरेदी तर ठरलेल्या तिथीची. लक्ष्मीपूजन कधी आहे ते कालनिर्णयात वर्षभर आधी छापलेले असते. उटणे, पणत्या, मुलांचे कपडे, भाऊबीजेची ओवाळणी, यांतले एकही संकट अचानक कोसळत नाही. त्यांची मागणी आठ दिवस आधी केली, 'सावकाश आले तरी चालेल' असे सांगितले, तर आपले काहीच अडत नाही. तेवढ्या आठ दिवसांत कुठल्यातरी गोदामात चार खोकी एकत्र होतील, एक मोटार भरून निघेल, आणि कोलाडच्या धक्क्यावर एक चालक चाकांना पाचर ठोकून, चहा पिऊन, वाघिणीच्या पाठीवर निवांत झोपी जाईल. त्याच्या झोपेचा पगार कोण देणार, एवढा प्रश्न मात्र आपण सर्वांनी त्याच्या वतीने विचारीत राहिले पाहिजे.